लवंगी लांब लावा

सोलापूर,
ता. ६ मे १९३४

चि. सौ. मथुरा हिस गोजरचे अनेक आशीर्वाद.

इकडे आम्ही दोघं भावंडं बरी आहोत. संक्रांतीला तिळगुळाबरोबर चार ओळी धाडल्या होत्या, त्यांचं उत्तर आलं नाही. रागावून लिहीत नाही. तुझ्या माहेरी, केमला, टपालवाला आठवड्यातून किती वेळा येतो कोण जाणे, आणि तुझ्यामागे कामंही असतील.

आज लिहायचं कारण तसं छोटंच आहे. काल राखेचं मडकं उपसलं, तेव्हा तळाशी तुझ्या तीन पुरचुंड्या सापडल्या. मिरचीचं बी. एकीत तुझ्या आईनं दिलेली लवंगी, एकीत बसम्मानं माहेराहून आणून दिलेली ब्याडगी, आणि तिसरीत मी पुण्याहून आणलेली ती जाड, बोथट तोंडाची भाजीची मिरची. तू प्रत्येक फडक्यावर शाईनं नाव घातलं होतंस. दमटपणानं शाई पसरली. एकीवर नुसता 'ब' उरलाय, तो ब्याडगीचा की बोथटचा, कळत नाही. बाकीच्या दोन्हींवर डागच. 'ब' मात्र सुरेख काढला होतास. पाटीवर तुझा 'ब' नेहमी पोट फुगल्यासारखा यायचा, आठवतं?

बसम्माला दाखवलं. तिनं तिन्हींतला एक एक दाणा जिभेवर ठेवला आणि तोंड वाकडं केलं. म्हणाली, "यव्वा, सगळंच जाळतंय की! मथुरेलाच इचारा. तिला वासानं कळतंय." शेजारीण म्हणून ती तुझ्यामाघारी परसात येऊन बसते खरी, पण माझ्याशी बोलताना तिची नजर तुझ्या वाफ्यांवर असते. वाफे ओसाड पडलेत. गेल्या वर्षी मी काहीच लावलं नाही. बाजारची मिरची आणली. जोतीरामनं ताटातलं कालवण रोज अर्धं ठेवलं.

तो वाळलाय. गिरणीचा भोंगा झाला की जातो, दुसरा झाला की येतो. टाइमकीपरच्या कामात त्याची कधी चूक नाही, असं तिथले लोक सांगतात. घरात मात्र घड्याळाला किल्ली द्यायची विसरतो.

मला चष्मा लागला. वाचताना अक्षरं फिरायची, ती आता फिरत नाहीत. आधीच डॉक्टरकडे जायला हवं होतं. भलत्याच वाटेनं गेले होते.

तर कोणतं बी कोणतं, ते ओळखायची काही खूण असेल तर कळव. आणि काय कुठं लावायचं तेही. मृगाच्या आत वाफा करावा म्हणते. विहिरीला पाणी कमी आहे, पण मोरीचं पाणी आहे.

चि. बजीला माझा पापा दे. ती आता पाचव्या वर्षात ना? बाकी विचारण्यासारखं पुष्कळ आहे, ते विचारत नाही.

तुझी वन्सं,
गोजर

*

सोलापूर,
ता. २० जुलै १९३४

चि. सौ. मथुरा हिस आशीर्वाद.

तुझं कार्ड पोचलं. चार ओळींचं कार्ड मी किती वेळा वाचलं, सांगत नाही. पहिली ओळ अशी: "वन्सं, बी फेकून द्या, मी आता मिरचीला हात लावत न्हाय." त्याखाली: "बजीला जेवूबी माजी आईच घालती." मग एक ओळ मोकळी सोडलेली, आणि अगदी कडेला, जागा उरली नव्हती तिथं, बारीक अक्षरात: "फेकवत नसंल तर लवंगी लांब लावा. ब्याडगीजवळ आली तर फुडचं बी बिघडंल."

ती शेवटची ओळ वाचून मला इतकं बरं वाटलं की मी शाळेत मुलींना त्या दिवशी गणितं घातलीच नाहीत.

बी फेकलं नाही. तिन्ही पुरचुंड्या वेगवेगळ्या वाफ्यांत पेरल्या. रोपं सहा-सात पानांवर आली तरी मला तिन्ही सारखीच दिसत. शेवटी बसम्मानं डोकं लढवलं. "तिन्ही लांब लांब लावा की," म्हणाली, "कुठली बी लवंगी असू द्या." म्हणून एक विहिरीमागच्या भिंतीला, एक तुळशीपलीकडं आणि एक मोरीपाशी, अशी लावली. मधे मक्याची दाट ओळ धरली, तू धरायचीस तशी. विहिरीमागच्या रोपांची पानं वरून आक्रसून कोकडायला लागली होती. मला वाटलं गेली. मग तू सकाळच्या दवात राख मारायचीस ते आठवलं. तसं केलं. आता नवा शेंडा सरळ येतोय.

मी माती उकरायला बसते हे पाहून जोतीराम परवा दारात उभा राहिला. म्हणाला, "आक्का, हे कशाला आता?" मी म्हटलं, "बी मरेल." तो म्हणाला, "मरू दे की." पण दुसऱ्या दिवशी गिरणीतून येताना त्यानंच कुंपणाला काट्या आणल्या.

मथुरा, तू बजीला हातानं का भरवत नाहीस? असं करू नकोस गं. लेकराला आईच्या हातचा घास लागतो. जे झालं त्यात तुझा दोष नाही. हे मी तुला मनापासून लिहिते. तू तसं मनात धरू नकोस.

आणखी लिहिणार होते. पण टपालाची वेळ होत आली, आणि ते नीट लिहायला हवं.

तुझी वन्सं,
गोजर

*

सोलापूर,
ता. २ सप्टेंबर १९३४

मथुरा,

आज आशीर्वाद लिहीत नाही. का, ते खाली कळेल.

तुझं दुसरं कार्ड आलं त्याला बारा दिवस झाले. त्यात एकच ओळ होती. "दोष माजा न्हाय म्हनता, मग कुनाचा?"

बारा दिवस मी ते कार्ड शाळेच्या पुस्तकात घालून नेते आणि आणते. आज रविवार, जोतीराम गिरणीच्या सभेला गेलाय, घरात कोणी नाही. दोष माझा आहे. हे एकदा लिहिलं म्हणजे पुढचं लिहिता येईल असं वाटलं होतं, पण तसं होत नाहीये.

तो दिवस तुला जितका आठवतो तितकाच मला आठवतो, फक्त त्यातला एक तुकडा तुझ्याकडे नाही. तो माझ्याकडे आहे.

गेल्या वर्षीची संक्रांत होऊन आठवडा झाला होता. तू ओट्यावर सूप घेऊन बियांसाठी राखलेल्या लाल मिरच्या फोडत होतीस. बजीनं सुपातली एक उचलली आणि त्याच हातानं डोळा चोळला. तू लगेच पाण्यानं डोळा धुतलास. मग दुधाची धार सोडलीस. पोर रडून रडून निजली. हे सगळं मी शाळेतून आल्यावर तूच मला सांगितलंस, आणि मग तू बसम्माबरोबर वरच्या आडाला पाण्याला गेलीस. तू पोरीला उचलण्याआधी तेल आणि राख लावून हात धुतले होतेस. सूप बाजूला होतं, तेलाची वाटी तिथंच होती, राखेचे ओघळ दगडावर होते. ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

तू गेल्यावर बजी उठली. डोळा लाल होता, पाणी गळत होतं, पण ती मला ओळखून हसली. "आत्या, चुरचुरतंय," एवढंच म्हणाली. थोडी वाट पाहिली असती तर बरं झालं असतं. माझ्या ट्रंकेत एक वडी होती. शाळेच्या रस्त्यावर बसणाऱ्या वैदूकडून मी ती घेतली होती. माझी नजर कमी होत चालली होती आणि ते शाळेत कळलं तर काय, या भीतीनं मी ती कोणाला न सांगता आणली होती. वर्गात मुलींना मीच शिकवते, की वैदूची औषधं डोळ्यात घालू नयेत. म्हणून ती साड्यांच्या खाली, फडक्यात गुंडाळून ठेवली होती. माझ्या स्वतःच्या डोळ्यात घालायचा मला धीर झाला नव्हता.

आणि ती मी पोरीच्या डोळ्यात घातली.

सहाणेवर उगाळली. बोटानं घातली. बजी ओरडली ते ओरडणं आधीच्या रडण्यासारखं नव्हतं. मी तिचे हात धरून ठेवले. औषध झोंबतं म्हणजे लागू पडतं, असं त्या माणसानं सांगितलं होतं. तू घागरी घेऊन आलीस तेव्हा ती माझ्या मांडीवर हुंदके देत होती आणि तू विचारलंस, "परत झोंबाय लागलं व्हय?" मी हो म्हटलं. सहाण मी धुऊन ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी पापणी उघडेना, म्हणून दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी विचारलं, "डोळ्यात काय घातलंत?" तू म्हणालीस, "पानी आन् दूद, दुसरं काय न्हाय." त्यांनी पुन्हा विचारलं. म्हणाले, "नुसत्या मिरचीनं बुबुळ असं भाजत नाही." तू माझ्याकडं पाहिलंस. मी शिकलेली म्हणून, मी काहीतरी नीट सांगेन म्हणून. मी काय बोलले ते तुला आठवत असेल. मी म्हटलं, "हात नीट धुतले होतेस का गं?"

मथुरा, मला माहीत होतं. मी राख पाहिली होती. तरी ते वाक्य माझ्या तोंडून गेलं, आणि एकदा गेल्यावर सगळ्यांनी ते उचललं. जोतीराम घरी येऊन तुला जे बोलला ते माझ्या त्या एका वाक्यावर बोलला. तुझे वडील तुला न्यायला आले तेव्हा तू दोन्ही हात पदराखाली झाकून टांग्यात बसलीस. मी दारात उभी होते. तेव्हाही वेळ होती.

का गप्प राहिले, ते मी स्वतःला पुष्कळ वेळा विचारलं. नोकरी जाईल ही भीती होती. नवरा गेल्यावर भावानं ट्रेनिंग कॉलेजात धाडलं, पायावर उभं केलं, त्याच्याच लेकराचा डोळा मी घालवला हे त्याला कसं सांगू, हेही होतं. आणि एक याहून वाईट आहे, तेही लिहिते. बजी तुझ्यापेक्षा माझ्याकडं जास्त राहावी असं मला वाटायचं. तुला घरातलं सगळं येत होतं, तू लावलेलं उगवत होतं, लेकरूही तुझंच. तुझ्या हातून काही चुकलं असं लोक म्हणाले तेव्हा, एक क्षणच, पण मला आत कुठंतरी बरं वाटलं. हे लिहिताना मला स्वतःची किळस येते.

त्या दिवशी दवाखान्यात मी खरं बोलले असते तर डोळा वाचला असता का, मला माहीत नाही. कदाचित नसता. पण तुझं हे दीड वर्ष तरी वाचलं असतं.

जोतीराम संध्याकाळी येईल. त्याला आजच सांगणार आहे. आधी तुला लिहिलं, कारण भोगलंस तू. तो मला घराबाहेर काढेल तर मी जाईन. नाही काढलं तरी जाणार आहे. सांगोल्याच्या मुलींच्या शाळेत जागा आहे, बदलीचा अर्ज लिहून ठेवलाय. मी गेल्यावर तुला या घरात यायला अडचण राहणार नाही.

तुझे हात स्वच्छ होते. बजीला तुझ्या हातानं जेवू घाल. एवढी एकच गोष्ट मागते, आणि मागायचा हक्क नाही हे ठाऊक असून मागते.

गोजर

*

सोलापूर,
ता. १४ ऑक्टोबर १९३४

मथुरा,

जोतीराम काल केमहून परत आला. एकटाच आला, म्हणून मी घाबरले होते. तो हातपाय धुऊन बसला आणि तुझा निरोप त्यानं जसाच्या तसा सांगितला. मधे मधे थांबत होता. तू सांगितलंस त्यातला एक शब्द बदलायचा नाही, असं तू त्याच्याकडून कबूल करून घेतलं होतंस म्हणे.

त्याआधीचं तुला ठाऊक नसेल ते सांगते. त्या रविवारी मी त्याला सांगितलं तेव्हा तो ओरडला नाही. मला वाटलं होतं ओरडेल. भिंतीला टेकून खाली बसला. मग म्हणाला, "आक्का, मी तिला विचारलंच नाही. तू म्हणालीस ते खरं धरलं आणि तिला एकदाही विचारलं नाही." तेव्हापासून महिनाभर तो माझ्याशी कामापुरतं बोलतोय. सकाळी भाकरी मी करते, तो खातो. ताट धुऊन ठेवतो. रजा मिळायला महिना लागला, नाहीतर तो दुसऱ्याच दिवशी केमची गाडी धरणार होता.

माझं पत्र वाचून तू काय केलंस, ते तुझ्या आईनं त्याला सांगितलं. तू उठलीस, हात धुतलेस, पुन्हा धुतलेस. दुधात भाकरी कुस्करलीस आणि बजीला पुढ्यात घेतलंस. पहिला घास हातात धरून तू इतका वेळ बसलीस की बजीनंच तोंड पुढं केलं. "आये, दे की," म्हणाली. एवढं सांगितलं जोतीरामनं आणि तो उठून परसात गेला.

आता तुझा निरोप. तू म्हणालीस, "दिवाळीच्या आदी येते. पर वन्संनी सांगोल्याला जायाचं न्हाय. त्या गेल्या की सुटल्या. त्यांनी हितंच ऱ्हायाचं, बजीचा डोळा रोज बघायचा. आन् बजी कळती झाली की तिला त्यांनीच सांगायचं, सोताच्या तोंडानं. मी न्हाय सांगनार, तुमीबी न्हाय सांगायचं." जोतीरामनं तुला विचारलं, म्हणजे तू आक्काला माफ केलंस का? त्यावर तू म्हणालीस, "ते मला इचारू नका."

मी ते विचारत नाही. पुढंही विचारणार नाही.

बदलीचा अर्ज आज सकाळी फाडला. खरं सांगायचं तर, मथुरा, सांगोल्याला जाणं मला सोपं होतं. तिथं मला कोणी ओळखत नव्हतं. तू ते ओळखलंस. मी तुला अक्षरं शिकवली म्हणून मनात मी स्वतःला तुझ्यापेक्षा शहाणी समजत होते.

दवाखान्यात परवा जाऊन आले. तेच डॉक्टर आहेत. त्यांना वैदूच्या वडीचं सांगितलं, सहाणेवर कशी उगाळली, किती घातली, सगळं. त्यांनी कागदावर लिहून घेतलं. मला वाटलं होतं रागावतील. त्यांनी चष्मा काढला आणि एवढंच म्हणाले, "बाई, त्या दिवशी सांगायला हवं होतं." त्या डोळ्याला उजेड कळत असेल तर काही करता येतं का ते पाहू, पण आशा फार धरू नका, म्हणाले. दुसरा डोळा शाबूत आहे, तो जपायचा. तू आलीस की बजीला घेऊन आपण तिघी जाऊ. तू म्हणालीस तर. नाहीतर तुम्ही दोघं जा, मी बाहेर बसेन.

बसम्मालाही मी सांगितलं. तुझ्याबद्दल गल्लीत जे बोललं गेलं ते तिथंच पुसायला हवं होतं. ती दोन दिवस आली नाही. तिसऱ्या दिवशी आली, माझ्याकडं पाहिलं नाही, आणि तुझ्या खोलीतली जाजमं उन्हात घालू लागली. शाळेच्या मुख्य बाईंना सोमवारी सांगणार आहे. त्या ठेवतील की काढतील, ते त्यांच्यावर.

परसातल्या मिरच्या धरल्यात. कोणती कोणती ते आता मलाही कळतं. विहिरीमागं तुझ्या आईची लवंगी निघाली, झुपक्यानं, तोंडं वर करून. मोरीपाशी बोथट आहे. ब्याडगी तुळशीपलीकडं लोंबतेय, अजून हिरवी आहे. बियांसाठी कोणती झाडं राखायची ते मी ठरवलं नाही. तू येऊन ठरव. मी त्यांना हात लावत नाही, पाणी तेवढं घालते.

तू येशील ती गाडी दुपारची आहे. स्टेशनावर जोतीराम येईल. मी घरात असेन. दीड वर्षात बजी मला विसरली असेल. ही कोण म्हणून विचारेल, तेव्हा आत्या म्हणून सांग, एवढं मला चालेल. उरलेलं तिला कधी सांगायचं, ती किती मोठी झाली म्हणजे सांगायचं, हे मी रोज ठरवते आणि रोज ते वय एका वर्षानं पुढं ढकलते. ढकलू देऊ नकोस. तू मला बजावत जा.

बजीला अजून खरं सांगायचं बाकी असलेली तिची आत्या,
गोजर